जुन्या एमजीबीचं ड्रायव्हर साइडचं दार खाली आलंय, बिजागरीला पॅकिंग टाकू का?

लेस्टरकर
मंडळी, इथे जुन्या गाड्यांत हात काळे केलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. माझ्याकडे १९७२ ची एमजीबी रोडस्टर आहे, म्हणजे दोन दारांची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, कापडी टपाची, क्रोम बंपरवाली. इंजिन खणखणीत, गिअर मस्त पडतात, पण ड्रायव्हर साइडचं म्हणजे इकडचं उजवं दार खाली आलंय. उघडलं की टक्क करून खाली बसतं आणि लावताना हँडल धरून वर उचलावं लागतं नाहीतर लॉक लागतच नाही, जोरात आपटलं तर लागतं पण मग बायको अशी बघते की परत आपटायची हिंमत होत नाही. बंद असताना दाराच्या मागच्या कडेला वरची फट एवढी बारीक आहे की पोस्टकार्ड जेमतेम जाईल, आणि त्याच फटीत खाली पेन्सिल आरामात जाते. बाजूने जी स्टीलची पट्टी जाते ना, पुढच्या मडगार्डवरून दारावरून थेट मागेपर्यंत, ती दाराच्या मागच्या टोकाला चार-पाच मिमी खाली दिसते.

इथल्या (लेस्टर, इंग्लंड) एका गॅरेजवाल्याने लॉकची खांबावरची पट्टी खाली सरकवून दिली आणि बिल लावलं. थोडे दिवस बरं चाललं, आता परत तेच. बिजागरीखाली पॅकिंग (पातळ पत्रा) टाकून दार वर येईल का? का बिजागऱ्याच बदलू? हत्यारं बऱ्यापैकी आहेत, वेल्डिंग येत नाही.

बिनपेट्रोल
दार काढूनच टाका की राव. रोडस्टर आहे, उडी मारून बसायचं, हिरोसारखं. 😄

लेस्टरकर
@बिनपेट्रोल वय बघून सल्ला द्या भाऊ, उडी मारली तर मलाच पॅकिंग टाकावं लागेल.

डुक्करफियाट
एवढं काय त्यात, आमच्याकडे पुण्यात डेंटर अर्ध्या तासात करून देतो. दाराखाली फळी, फळीखाली जॅक, बिजागरीचे स्क्रू ढिले करायचे, जॅकने दार हवं तेवढं उचलायचं, आवळायचं, चहा प्यायचा, घरी. पद्मिनीची दारं अशीच करायचे सगळे. माझ्या गाडीत अजून वेगळी मजा आहे, जुनी फियाट ११०० असल्यामुळे पुढची दारं उलटी उघडतात, बिजागऱ्या मधल्या खांबाला, त्यामुळे तिथे दार सैल ठेवून चालतच नाही, चालत्या गाडीत उघडलं तर वारा घेऊनच जाईल. तुमचं सरळ दार आहे, घाबरू नका, फळी लावा.

पान्हेबहाद्दर
थांबा थांबा. फळी लावायच्या आधी जरा बघा की दार खाली का आलं. मी बॉडी शॉपमध्ये आयुष्य घालवलं, पिंपरीला, आता रिटायर झालोय, आणि सांगतो की दार कधी स्वतःहून खाली येत नाही. एकतर बिजागरीची पिन झिजलेली असते, नाहीतर बिजागरी जिथे बसलीये तो खांब हललेला असतो, नाहीतर अख्खी गाडीच मधून बसलेली असते. तिन्हीत दार सारखंच दिसतं, इलाज मात्र तिन्हीचा वेगळा.

लेस्टरकर, तुम्ही मागच्या फटीचं सगळं नीट सांगितलंत पण पुढच्या फटीचं काहीच नाही. पुढचं मडगार्ड आणि दार यांच्यामधली फट वर आणि खाली किती आहे ते बघून सांगा. बिजागरीची वरची पिन गेली असेल तर दार वरून मागे झुकतं, म्हणजे पुढची फट वर मोठी होते आणि मागची फट वर बारीक होते. पण गाडी मधून बसली असेल तर दार पुढच्या खांबाबरोबरच हलतं, त्यामुळे पुढची फट जशीच्या तशी राहते आणि फक्त मागची फट वर आवळते. हे आधी बघा. फुकट आहे आणि दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरं, दार अर्धं उघडा, मागचं टोक दोन्ही हातांनी धरून वर-खाली करा आणि दुसऱ्या कोणालातरी बिजागऱ्यांकडे टॉर्च मारून बघायला सांगा. पिन बिजागरीच्या आत खेळतेय, का बिजागरी खांबावर हलतेय, का बिजागरीसकट खांबाचा पत्राच आत-बाहेर होतोय.

ह्यूस्टनवाली
काकांना प्लस वन. माझ्याकडे ८८ ची शेव्हरोले कॅमेरो आहे आणि त्या तिसऱ्या पिढीच्या कॅमेरोची, १९८२ ते ९२ वाली, सगळ्यांची हीच रड. दार लांबलचक आणि वजनाला धोंडा, बिजागरीतले पितळी बुश (पिनभोवतीच्या छोट्या नळ्या) झिजून जातात आणि मग दार खाली. आमच्यात बिजागऱ्या कंपनीतूनच बॉडीला वेल्ड केलेल्या असतात, त्यामुळे सरकवायला जागाच नाही, पिन आणि बुशचं किट मिळतं ते टाकायचं, किट स्वस्त आहे, काम कटकटीचं. बिजागरीत एक स्प्रिंग असते, दार उघडं धरून ठेवणारी, ती दाबून काढताना डोळ्यांना चष्मा लावा, सुटली तर छताला लागते. मी नवऱ्याला दार धरायला उभं केलं होतं, तो अजून आठवण काढतो.

आणि खांबावरच्या लॉकच्या खिळ्याचं म्हणाल तर आमच्यात तो टॉर्क्स टी-५० चा (चांदणीसारख्या खाचेचा) असतो, लोक आधी तोच वर-खाली करत बसतात. दार खिळ्यावर चढवून बंद होतं खरं, पण मग दर वेळी दाराचं सगळं वजन खिळा उचलतो आणि पिन अजून लवकर झिजते. तुमच्या गॅरेजवाल्याने तेच केलं, फक्त पट्टी खाली नेऊन.

लेस्टरकर
काका, ताई, धन्यवाद. आज बघितलं. शेजारचा पोरगा टॉर्च धरायला आला, त्याला गाडीचं भारी वेड. वरच्या बिजागरीची पिन खेळतेय, नक्की, हलवलं की चक्क दिसतं. खालची ठीक वाटली. बिजागऱ्या खांबावर हलत नाहीयेत. पुढची फट खाली बरोबर आहे आणि वर थोडीशी मोठी आहे, पण काका, थोडीशीच, दीडेक मिमी. मागे वर मात्र जवळजवळ बंद झालीये. म्हणजे पिनच ना? नवीन बिजागरी मागवू?

डुक्करफियाट
झालं की मग, पिन सापडली. बिजागरी बदला आणि पार्टी द्या.

पान्हेबहाद्दर
हिशोब जुळत नाही हो. दार कडक असतं, ते वाकत नाही. वरून जेवढं मागे गेलं तेवढीच पुढची फट वाढणार आणि मागची तेवढीच कमी होणार. पुढे दीड वाढली तर मागे दीडच कमी व्हायला हवी. तुमची तर साडेतीन-चार गेली. बाकीचे दोन-अडीच मिमी कुठून आले?

मिल्टनकीन्सवाला
उशिरा आलो धाग्यावर. माझ्याकडे एमजीबी होती, दोन वर्षांपूर्वी विकली, अजून झोपेत दिसते. काका म्हणताहेत ते बाकीचे अडीच मिमी सिलमधून, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पेटीतून, आले असणार आणि लेस्टरकर तुम्हाला हे ऐकायला आवडणार नाही.

एमजीबीच्या आधीची जी एमजीए होती तिला खाली वेगळी चासी होती. एमजीबी १९६२ ला आली ती मोनोकॉक, म्हणजे बॉडी हीच चासी. त्यात रोडस्टरला वर छत नाही. बुटाच्या खोक्याचं झाकण काढलं की ते कसं पिळवटतं तसं. मग सगळी ताकद कुठे, तर दाराखालच्या त्या दोन लांब पेट्यांत, दोन्ही बाजूंच्या सिलमध्ये. ती पेटी एका पत्र्याची नाही, बाहेरचा सिल, आतला सिल, दोघांच्या मध्ये उभा पत्रा आणि खालून कॅसल रेल नावाची लांब पट्टी, सगळं एकमेकांना वेल्ड केलेलं. आत पाणी जातं, हिवाळ्यात इकडे रस्त्यावर मीठ टाकतात ते जातं, बाहेर काही दिसत नाही आणि आतून सगळं भुगा. सिल गेला की गाडी मधून बसते, पुढचा आणि मागचा खांब वरच्या टोकाला एकमेकांकडे झुकतात आणि दाराची मागची फट वरून बंद होते. एमजीबीवाले गाडी बघायला गेले की बॉनेट नंतर उघडतात, आधी दाराच्या फटी बघतात.

टेस्ट सोपी आहे. गाडी सपाट जागेवर चार चाकांवर उभी असताना दाराच्या मागच्या कडेची वरची आणि खालची फट मोजून लिहून ठेवा. मग दाराखाली जिथे जॅक लावायची जागा आहे तिथे जॅक लावून ती बाजू चाकं जरा हलकी होईपर्यंतच उचला आणि परत मोजा. सिल घट्ट असेल तर फरक पडत नाही, पडला तरी नखाएवढा. फरक पडला, किंवा खाली असताना नीट लागणारं दार वर घेतल्यावर लागेना, तर मग समजून जा. आणि कृपया जॅकखाली सपाट लाकूड ठेवा, सिल सडका असेल तर जॅक वर जातो आणि गाडी तिथेच राहते. गाडीखाली डोकं घालायचं नाही, फक्त बाहेरून मोजायचं.

चिपळूणकर_फॅब
मी फॅब्रिकेशनवाला, गाड्यांचा नाही, पण खारी हवा आणि गंज हा माझा रोजचा विषय. एक चुंबक घ्या, साधा फ्रिजवरचा, पातळ कपड्यात गुंडाळा म्हणजे रंग खरचटणार नाही आणि सिलवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलीये. दुसरं, सिल खालून बघा, जोड कसा दिसतो ते. लोक जुन्या सडक्या पत्र्यावर नवीन पत्र्याचं कव्हर वेल्ड करून रंग मारून देतात. दिसायला झक्कास. आत गंज चालूच, उलट दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकून दुप्पट वेगाने.

बिनपेट्रोल
हे धागे असेच असतात. माणूस दार विचारायला येतो आणि गाडी भंगारात घालून जातो.

लेस्टरकर
बिनपेट्रोल, तुझ्या तोंडात साखर पडो, नको ती मेथी पडो.

केली टेस्ट. चाकांवर असताना मागची फट वर दीड मिमी, खाली साडेसहा. जॅकवर घेतल्यावर वर सव्वातीन, खाली पाच. शेजारचा पोरगा म्हणाला अंकल गाडी वाकतेय. डाव्या बाजूला हीच टेस्ट केली तर जवळजवळ काहीच फरक नाही, अर्धा मिमी असेल नसेल. चुंबक उजव्या सिलच्या मागच्या टोकाला, मागच्या चाकाच्या पुढे वीतभर जागेत चिकटतच नाही. आणि चिपळूणकर, तुम्ही म्हणालात तसंच, खालून बघितलं तर सिलवर दुसरा सिल दिसतोय, मध्ये फट आहे आणि तिथून स्क्रूड्रायव्हरने जरा खरवडलं तर तांबडा भुगा पडला.

आता एक सांगा, गाडी घेताना एमओटी (इकडची गाडीची दरवर्षीची सरकारी तपासणी) बघितला नव्हता कारण लागतच नाही, मग ही असली गाडी रस्त्यावर चालवायला परवानगी कशी?

मिल्टनकीन्सवाला
बरोबर, लागत नाही. चाळीस वर्षांपेक्षा जुन्या आणि मोठे बदल न केलेल्या गाड्यांना २०१८ च्या मे पासून एमओटीची सक्ती नाही. एमजीबीचं उत्पादन १९८० ला ॲबिंग्डनमध्ये थांबलं, म्हणजे आता सगळ्याच एमजीबी त्यात येतात. गाडी रस्त्यालायक ठेवायची जबाबदारी मात्र मालकाचीच, ती माफ नाही. पूर्वी टेस्टर खालून हातोडीने टकटक करून बघायचा, सीटबेल्टच्या आणि सस्पेन्शनच्या जोडापासून तीस सेंमीच्या आत गंज सापडला तर फेल. आता बघणारं कोणी नाही, म्हणून घ्यायच्या आधी जे कव्हर सिल पकडले जायचे ते आता पकडले जात नाहीत. इच्छा असेल तर पैसे भरून एमओटी करून घेता येतो, माझं मत विचाराल तर जुनी गाडी घेणाऱ्याने तो पहिल्याच आठवड्यात करावा.

डुक्करफियाट
माझा फळीचा सल्ला मी मागे घेत नाही बरं का, फक्त पुढे ढकलतो. 😀 पण मला खरंच प्रश्न पडलाय, गाडी अडीच मिमी वाकली तर वाकली, फळी लावून दार बसवलं आणि रविवारचीच गाडी चालवली तर काय बिघडतं? सिलचं काम म्हणजे खर्च केवढा.

पान्हेबहाद्दर
बिघडतं ते असं की आज तुम्ही वाकलेल्या गाडीवर दार बसवलंत, बिजागरीत पॅकिंग टाकलं, कड घासली, सगळं जुळवलं. उद्या सिल अजून बसला, परत फट बंद. परवा कधीतरी सिल करायला घेतलात आणि गाडी सरळ झाली, तर आज जुळवलेलं दार उद्याच्या सरळ गाडीला वाकडं. दोन्ही वेळचे पैसे पाण्यात. आणि सीटबेल्ट कुठे बांधलाय ते बघा एकदा, तोही त्याच पत्र्याच्या आसपास आहे. दार हे शेवटचं काम आहे, पहिलं नाही.

ह्यूस्टनवाली
डुक्करफियाट, तुमची फियाट चारदारी आहे हो, वर छत आहे. ती दार पडलं तरी सरळच राहते. रोडस्टरला ती चैन नाही.

लेस्टरकर
ठरवलं, सिल करून घ्यायचा. इथे गावाबाहेर एक म्हातारा वेल्डर आहे, फक्त जुन्या ब्रिटिश गाड्या करतो, त्याला गाडी दाखवली. त्याने दार उघडलं, बंद केलं, कान लावून ऐकलं आणि सिलकडे न बघताच म्हणाला उजवा गेलाय. त्याला सांगायच्या गोष्टी कोणत्या, म्हणजे मी काय काय विचारून घेऊ?

मिल्टनकीन्सवाला
तो ऐकूनच सांगतो म्हणजे तुम्ही त्याला काही शिकवायची गरज नाही, पण विचारून घ्या.

सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवी पट्टी वेल्ड किंवा बोल्ट करणार का, पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, कारण सिल कापला की खांब धरून ठेवणारं काही उरत नाही. पट्टी लावायच्या आधी फट बरोबर करून घेणार का, नाहीतर वाकडी गाडी वाकडीच पक्की होईल. गाडी चाकांवर, तिच्या स्वतःच्या वजनावर, सपाट जमिनीवर ठेवूनच सिल वेल्ड करणार का. रॅम्पवर लटकलेल्या गाडीला वेल्ड केलं आणि खाली उतरवली की फटी परत बदलतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि अख्खा सिल टाकणार का नुसता दिसणारा तुकडा. खरा सिल पुढच्या मडगार्डच्या आत आणि मागच्या मडगार्डच्या आतपर्यंत जातो. पुढचं मडगार्ड बोल्टवर आहे, निघतं, मागचं वेल्ड केलेलं आहे त्यामुळे त्याची खालची बाजू कापून परत लावावी लागते. हे टाळायलाच लोक कव्हर चढवतात.

बॅटरी काढून ठेवायला सांगा, तुमच्या ७२ च्या गाडीत सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन असतील. पेट्रोलची टाकी डिकीखाली आहे ते त्याला माहीत असेलच.

पार्ट्सची काळजी करू नका. पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या, सिलचे सगळे पत्रे नवे मिळतात. इतकंच काय, १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुन्याच साच्यांवर अख्ख्या नव्या बॉड्या काढल्यात. कोणाची गाडी पूर्ण सडली तर त्याने नवी बॉडी घेऊन जुना जीव त्यात घातला, असे बरेच आहेत. तुमच्यावर ती वेळ नाही.

लेस्टरकर
गाडी आली परत. सिल नवा, कॅसल रेल नवी, मधला उभा पत्रा नवा, आत मेण फवारलंय. जुना काढलेला सिल म्हाताऱ्याने मला मुद्दाम दाखवायला ठेवला होता, मधल्या उभ्या पत्र्याचं खालचं टोक नुसतं नक्षीकाम झालं होतं, बोटाने मोडत होतं. जॅक टेस्ट केली, आता दोन्ही बाजू सारख्या. मागची फट वर तीन, खाली पाच, म्हणजे उरलेला फरक पिनचा असणार. नवीन बिजागऱ्या आणल्यात. आता सांगा काका, क्रम काय?

पान्हेबहाद्दर
आता दाराला हात लावा. आधी खांबावरची लॉकची पट्टी पूर्ण काढून टाका. ती असताना दार कुठे बसायचं ते तीच ठरवते आणि तुम्हाला खरं कळतच नाही. दाराभोवतीचं रबरही काढा, तेही ढकलतं. दार नुसतं हवेत झुललं पाहिजे.

जुनी बिजागरी काढायच्या आधी तिच्या कडेने खांबावर आणि दारावर टोकदार सुईने रेघ मारून घ्या, पेनने नको, तेल लागलं की पुसतं. स्क्रू काउंटरसंक (डोकं पत्र्यात सपाट बसणारे) आहेत, वर्षानुवर्षं रंग खाल्लेले, सरळ स्क्रूड्रायव्हर लावलात तर डोकं गुळगुळीत होणार आणि मग ड्रिल करत बसा. आदल्या रात्री तेल सोडा, खाच सुईने साफ करा, मग हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लावा, बिट खाचेत घट्ट बसलं पाहिजे.

मिल्टनकीन्सवाला
बिटबद्दल एक गोष्ट, हे स्क्रू फिलिप्स नसून पोझीड्राइव्ह असतात बहुतेक, अधिकच्या खाचेच्या मध्ये अजून चार बारीक रेघा दिसतील. फिलिप्सचं बिट त्यात बसल्यासारखं वाटतं आणि निसटतं. आणि सगळे स्क्रू एकदम काढू नका. आत आटे पाडलेली प्लेट सैल असते, मुद्दाम सैल असते म्हणजे बिजागरी सरकवता यावी, पण सगळे स्क्रू निघाले आणि ती आत सरकली तर परत भोकासमोर आणताना शिव्या आठवतात. एका वेळी एकच बिजागरी करा, दुसरी दार धरून ठेवेल. आणि खाली माणूस हवा, दार काचेसकट जड आहे.

पान्हेबहाद्दर
बरोबर. बिजागरी आणि खांबाच्या मध्ये पातळ पत्र्याचं पॅकिंग निघालं तर ते फेकू नका, जिथून निघालं तिथेच परत घाला, कंपनीच्या माणसाने ते काहीतरी बघून घातलं होतं. वरच्या बिजागरीत पॅकिंग वाढवलं की दार वरून मागे जातं, खालच्यात वाढवलं की खालून मागे आणि मागचं टोक वर उचलतं. हे डोक्यात पक्कं बसवा मग स्क्रूला हात लावा.

मग जुळवायचं मागून. नवशिके पुढच्या मडगार्डपासून सुरू करतात, पण तुमचं पुढचं मडगार्ड बोल्टवर आहे, ते नंतर थोडं सरकतं. मागचं मडगार्ड वेल्ड केलेलं, ते हलणार नाही. म्हणून दाराची मागची कड आणि ती स्टीलची पट्टी मागच्या मडगार्डशी जुळवा, खाली सिलशी फट सारखी करा आणि शेवटी मडगार्ड दाराला आणून भिडवा. फट ३/१६ इंचाच्या आसपास ठेवा, पावणेपाच मिमी. त्यापेक्षा बारीक हाव धरू नका, रोडस्टर खड्ड्यात थोडी पिळतेच आणि कडेचा रंग उडतो. पट्टी, रबर आत्ता नाही. आधी हे करून सांगा.

लेस्टरकर
बसवल्या. वरचा स्क्रू एक अडला होता, हातोडीचा आवाज ऐकून शेजारीण विचारून गेली सगळं ठीक ना. दाराची मागची कड आता वर पावणेपाच, खाली पाच, स्टीलची पट्टी एका रेषेत. मडगार्ड दोन मिमी मागे आणलं. इतकं सगळं छान झाल्यावर एक नवीनच, दाराचा खालचा मागचा कोपरा बॉडीपेक्षा तीन मिमी बाहेर येतो. वर सपाट, खाली बाहेर. बिजागरी आत घेतली तर वरचा कोपरा आत जातो.

पान्हेबहाद्दर
दार पिळलेलं आहे. आपटून आपटून, उचलून उचलून. बिजागरीने हे जाणार नाही. वरच्या मागच्या कोपऱ्यात, दार आणि खांबाच्या मध्ये, लाकडाचा ठोकळा कपड्यात गुंडाळून धरा, काच पूर्ण खाली, आणि दाराचा खालचा कोपरा गुडघ्याने आत दाबा. झटका नको, दाब द्या आणि सोडा, बघा, परत. पत्रा वाकतो आणि अर्धा परत येतो, म्हणून तीन घालवायला थोडं जास्त दाबावं लागतं. पण दाबायच्या आधी त्रिकोणी काचेच्या खाली दाराच्या पत्र्यावर नीट बघा, तडा आहे का.

मिल्टनकीन्सवाला
हो, हे महत्त्वाचं. पुढच्या त्रिकोणी काचेच्या बुडाशी दाराच्या कातडीला तडा जाणं हे एमजीबीचं जुनं दुखणं आहे. रंगावर केसाएवढी रेघ दिसली तरी थांबा, आधी तिच्या टोकाला बारीक भोक पाडून वेल्ड करून घ्या, नाहीतर गुडघ्याच्या दाबाने ती बोटभर पुढे पळते.

लेस्टरकर
तडा नाही, भिंग लावून बघितलं. दाबलं. पहिल्यांदा काहीच नाही, मग जरा जीव लावून दाबलं तर करकर आवाज आला आणि माझाच श्वास अडकला, पण कोपरा दीड मिमीने आत. अजून थोडं केलं. आता अर्धा मिमी बाहेर आहे, तो राहू देतो.

पट्टी लावली, दार हातात धरून हळूच बंद केलं आणि लॉकची जीभ पट्टीला न उचलता न दाबता सरळ आत जाईल तिथे स्क्रू आवळले. आता एका बोटाने लागतं. एका बोटाने! फक्त नवीन रबर टाकलं की परत आपटावं लागतंय, दार बाहेर ढकलतं.

ह्यूस्टनवाली
अभिनंदन! रबराची रड आमच्याकडेही तीच, नवं मिळतं ते जुन्यापेक्षा जाड आणि टणक. दार लावून गाडी उन्हात चार दिवस ठेवा, बसतं बऱ्यापैकी.

मिल्टनकीन्सवाला
लेस्टरमध्ये ऊन कुठून आणणार ते. दुसऱ्या दुकानातून मऊ फोमचं रबर मागवा, दोन-तीन बनावटीची येतात, बोटाने दाबून सहज चपटं होतं ते घ्या. रबरासाठी पट्टी बाहेर सरकवू नका, केलेलं सगळं बिघडेल.

लेस्टरकर
मऊवालं मागवलं, बसलं. काल बायकोला घेऊन चक्कर मारली, परत आल्यावर तिने आपलं डावं दार लावलं आणि म्हणाली हे तुझ्यापेक्षा जड लागतंय, हे कधी करणार?

डुक्करफियाट
डाव्याला फळी लावा.

पान्हेबहाद्दर
डाव्याची जॅक टेस्ट बरोबर आहे ना, मग सिल सोडा. लॉकची पट्टी काढून दार झुलतंय कसं ते बघा आणि पुढची फट मोजून टाका इथे.

निसर्गरम्य
मस्त धागा. माझ्याकडे ९६ ची माझदा मियाटा आहे, तिचं दार लागतं नीट पण खड्ड्यात कडकड आवाज येतो, हेच सगळं करावं लागेल का?

संपादक
@निसर्गरम्य कृपया वेगळा धागा काढा, इथे एमजीबीच राहू दे. गाडी चाकांवर असताना आणि जॅकवर असताना अशा दोन्ही वेळच्या फटी मोजूनच या, नाहीतर काका परत पाठवतील.

निसर्गरम्य
काढला. काका, या तिकडे.